आधी नक्कल, मग अस्सल

नागपूर,
मे महिन्यातली एक रटरटती दुपार

प्रिय बंड्या,

तू पुण्यात पंख्याखाली गारेगार लोळत असशील. इथं कूलर सकाळपासून गरम हवाच फेकतोय, झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसलो. बातमी अशी की काल भाचीनं माझा पार पचका केला.

सुट्टीत आली आहे. म्हटलं, दहा वर्षांची झाली, हिला १९८० चा, 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' दाखवू. तो प्रसंग आला. नायक ल्यूकचा हात तुटलाय, खाली खोल पोकळी, आणि खलनायक डार्थ व्हेडर सांगतो की तुझा बाप मीच. मी श्वास रोखून तिच्या तोंडाकडे पाहतोय, आणि ही खी खी हसतेय! "मामा, हे तर झर्गचं आहे नं!"

खरंय तिचं. १९९९ च्या 'टॉय स्टोरी २' या ॲनिमेशनपटात खलनायक खेळणं झर्ग बझ नावाच्या खेळण्याला हेच ऐकवतो, आणि पुढं दोघं बापलेक मजेत चेंडू झेलत बसतात. तिनं ते पाचव्या वर्षीच पाहिलंय. म्हणजे तो धक्का तिला आता जन्मात बसणार नाही. मी हळहळलो, आणि मग आठवलं, आपलं तरी काय वेगळं होतं बे?

तुमच्या धरमपेठेतल्या घरी केबलवर 'श्रेक' हा ॲनिमेशनपट पाहिला होता. त्यातली राजकन्या फियोना लाथ उगारून हवेतच थांबते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, तेवढ्यात ती केस सारखे करते आणि मग दोघांना एकदम हाणते. त्यानंतर आठवडाभर आपण दिवाणावरून उड्या मारल्या, दिवाणाची फळी गेली, काकूंनी दोघांनाही बदडलं. मग केव्हातरी भाड्याच्या सीडीवर 'द मॅट्रिक्स' पाहिला, त्यातही तशीच हवेत थांबलेली लाथ आणि गोल फिरणारा कॅमेरा, तर तू छातीठोकपणे म्हणालास, "अबे, यानं श्रेकचं ढापलं!"

'मॅट्रिक्स' १९९९ चा आणि 'श्रेक' २००१ चा, हे तुला सांगणार कोण! त्या लोकांनी तसल्या दृश्यासाठी सुमारे १२० फोटोचे कॅमेरे गोलाकार मांडले होते. ॲनिमेशनमध्ये खरा कॅमेराच नसतो, हवा तसा गरगर फिरवा. त्यामुळं नुसतं गिरवलं असतं तर त्यात काहीच दम नव्हता. गंमत आहे ती त्या केसांत.

पण माझा लाडका नमुना 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेतला, १९९४ चा. होमरला शेजारच्या फ्लँडर्सच्या दोस्तीचं वेड लागतं. फ्लँडर्स बिचारा बायकापोरांसह गाडीतून पळ काढतो, तर हा मागून धावत येऊन हातातल्या गोल्फच्या काठ्या गाडीच्या डिकीत रुतवतो. 'टर्मिनेटर २' मध्ये टी-१००० हा खुनी यंत्रमानव हातांचे आकडे करून असाच गाडीला लटकतो. धाव तीच, फक्त खुनी जाऊन तिथं अतिप्रेमळ दोस्त आला. मला त्याहून भयंकर काही वाटत नाही. (परीक्षेच्या सकाळी "चल, तर्री पोहे खाऊ" म्हणत माझ्या सायकलचं कॅरियर धरून लोंबकळणारा कोण होता?)

काही चिमटे मात्र आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. 'वॉल-ई' या ॲनिमेशनपटात अंतराळजहाजाच्या संगणकाला आवाज नटी सिगोर्नी वीव्हरचा आहे. १९७९ च्या 'एलियन'मध्ये हीच बाई जहाजाच्या 'मदर' नावाच्या संगणकावर जीव तोडून ओरडते, आणि तो ढिम्म. इथं तीच संगणक! डबिंग झालं की हा विनोद गेलाच. आपण सगळं हिंदीत पाहणारे, किती हुकलं असेल देव जाणे.

भाचीनं 'सिम्प्सन्स' अजून पाहिलेलं नाही. म्हणजे एक तरी अस्सल तिला नकलेच्या आधी दाखवायची संधी आहे. पण 'टर्मिनेटर २' मधली मारधाड दहा वर्षांच्या पोरीला दाखवली तर ताई मला घराबाहेर काढेल. चारपाच वर्षं थांबावं लागणार. तोवर रिमोट मी लोणच्याच्या बरणीमागं लपवलाय.

तुझा,
मन्या