रक्तदानाआधी पाणी पाजा की राव

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात एक पोरगा रक्त देऊन उठला, सर्टिफिकेट हातात घेऊन सेल्फी काढायला उभा राहिला आणि तिथंच धाडकन पडला, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर. नंतर कळलं की श्रावणी सोमवारचा उपास होता, सकाळपासून नुसता चहा. विचारलं तेव्हा मात्र 'जेवलोय' म्हणून ठोकून दिलेलं!

350 मिली रक्त गेल्यानं धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही हो, पण भीती, रिकामं पोट, सुईकडं टक लावून बघणं यानं नाडी मंदावते, बीपी झटकन उतरतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढं अंधारी. पहिल्यांदा देणारी, कमी वजनाची कॉलेजची पोरं यात जास्त. उपाय फुकटातला आहे, रक्त द्यायच्या आधीच्या अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि सुई आत असताना पायावर पाय टाकून मांड्या-पोटऱ्या थोडा वेळ आवळायच्या, मग सोडायच्या, परत आवळायच्या. हे आमच्याकडं कुणी सांगितलंच नाही. नंतर 10-15 मिनिटं बसायचं असतं, पण पोरं बिस्किटाचा पुडा घेऊन लगेच बाइकला किक मारतात, आणि चक्कर तर घरी जाताना रस्त्यातही येऊ शकते.

मंडळाकडं डीजेला पैसे होते. पाण्याचा जार मात्र दुपारी बारालाच संपला, दुसरा आलाच नाही.

- एक नियमित रक्तदाता