हेगचा अंतरिम आदेश म्हणजे निकाल नव्हे

संपादक महाशय,

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात एका देशाने दुसऱ्याविरुद्ध धाव घेतली की काही आठवड्यांतच ‘न्यायालयाचा दणका’, ‘मोठा विजय’ असे मथळे झळकतात. त्या दिवशी न्यायालयाने दिलेला असतो तो बहुधा अंतरिम आदेश, निकाल नव्हे. हा फरक बातमीत हरवतो आणि पुढे खटल्याला वेगळेच वळण लागले की वाचक बुचकळ्यात पडतो.

जॉर्जियाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २००८ मध्ये या देशाने वांशिक भेदभावविरोधी कराराच्या आधारे रशियाविरुद्ध अर्ज केला. ऑक्टोबरमध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी अंतरिम आदेश निघाला. मात्र १ एप्रिल २०११ रोजी न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून अख्खा दावाच निकाली काढला. त्या कराराच्या कलम २२ नुसार आधी वाटाघाटींचा प्रयत्न होणे आवश्यक होते आणि भेदभावाच्या मुद्द्यावर तो केल्याचे जॉर्जियाला दाखवता आले नाही. रशियाने भेदभाव केला की नाही, इथपर्यंत न्यायालय पोहोचलेच नाही.

देशांतर्गत न्यायालयाचे समन्स आले की प्रतिवादीला हजर व्हावेच लागते. हेगमध्ये मात्र सारे काही देशांच्या संमतीवर उभे आहे. ही संमती कधी दोन्ही देशांनी मिळून केलेल्या खास करारातून येते, कधी जुन्या बहुपक्षीय करारातील एखाद्या कलमातून, तर कधी न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याच्या, देशाने आगाऊ दिलेल्या जाहीरनाम्यातून. खटला दाखल झाल्यावर प्रतिवादी देशाने संमती दिल्याची उदाहरणेही आहेत, पण थोडीच. जाहीरनाम्यात अटी घालता येतात आणि त्या निर्णायक ठरतात. ऑगस्ट १९९९ मध्ये पाकिस्तानी नौदलाचे विमान पाडल्याबद्दल पाकिस्तानने भारताविरुद्ध खटला भरला. भारताने आपल्या जाहीरनाम्यातून राष्ट्रकुल देशांशी असलेले वाद वगळलेले असल्यामुळे जून २००० मध्ये १४ विरुद्ध २ मतांनी तो तिथेच संपला.

संमती एखाद्या करारातून आली असेल तर न्यायालय त्या कराराच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. कुलभूषण जाधव प्रकरणात आधार होता तो वाणिज्य दूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या ऐच्छिक पूरक कराराचा (ऑप्शनल प्रोटोकॉल). त्यामुळे हेरगिरीचा आरोप खरा की खोटा, हे न्यायालयाने ठरवायचेच नव्हते. प्रश्न एवढाच होता, की भारतीय अधिकाऱ्यांना जाधव यांना भेटू न देऊन पाकिस्तानने करार मोडला का? १७ जुलै २०१९ चे उत्तर ‘होय’ असे होते, १५ विरुद्ध १ मतांनी. तो एक विरोधी न्यायाधीश पाकिस्ताननेच या खटल्यापुरता नेमलेला होता. ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसतो त्याला तसा हक्क असतो. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, असे न्यायालयाने पाकिस्तानला सांगितले. ही दुसरी बाजू आपल्या मथळ्यांत फारशी दिसली नाही, याची खंत वाटते.

अंतरिम आदेशासाठी न्यायालय मोजकेच पाहते. अधिकारक्षेत्र सकृतदर्शनी आहे का, मागितलेला हक्क तर्कसंगत वाटतो का, मागितलेल्या उपायांचा त्या हक्काशी संबंध आहे का, भरून न येणाऱ्या हानीचा धोका आहे का आणि तो निकडीचा आहे का. दावा खरा ठरला असा त्याचा अर्थ नाही. अर्थात आदेश किरकोळ असतो असेही नव्हे. जर्मनीने अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या लाग्रांड खटल्यात २००१ साली न्यायालयाने असे आदेश बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले आहे.

पुढचा रस्ता लांबचा आहे. वादी लेखी बाजू मांडतो. त्यानंतर तीन महिन्यांत प्रतिवादी प्राथमिक आक्षेप घेऊ शकतो. तो घेतला की मूळ खटला थांबतो आणि आधी आक्षेपांवर सुनावणी होते. आक्षेप फेटाळले तरच लेखी उत्तर, गरजेनुसार प्रत्युत्तरे आणि मग तोंडी युक्तिवाद. सुनावणीनंतर न्यायाधीश आपापली टिपणे लिहितात, मसुदा समिती निकाल तयार करते, त्याची दोन वाचने होतात. मतदान सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशापासून सुरू होते, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचे दडपण त्याच्यावर येत नाही. समसमान मते पडली तर अध्यक्षांचे मत निर्णायक. या सगळ्यात वर्षे जातात. जाधव प्रकरण सव्वादोन वर्षांत संपले, हा वेग खूपच म्हणायचा.

निकालावर अपील नाही. देशाने तो पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जाता येते, पण तिथे नकाराधिकार आडवा येतो. अमेरिकेविरुद्ध निकाराग्वाच्या बाजूने १९८६ साली लागलेल्या निकालानंतर अमेरिकेने हाच अधिकार वापरला. तरी निकाल कागदावरच राहतात हा समज चुकीचा आहे. १९९४ च्या निकालानंतर काही महिन्यांतच लिबियाने चाडच्या सीमेवरील वादग्रस्त औझू पट्ट्यातून सैन्य काढून घेतले.

आपल्याला विनंती एवढीच, की अशा बातमीत खटला कोणत्या कराराखाली आहे आणि कोणत्या टप्प्यावर आहे, हे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. निकालपत्राच्या शेवटी प्रत्येक मुद्द्यावरची मते स्वतंत्र नोंदवलेली असतात, तीही छापावीत. एखाद्या न्यायाधीशाने स्वतंत्रपणे लिहून जोडलेले मत न्यायालयाचे म्हणणे म्हणून देऊ नये. आणि व्यक्तींवर खटले चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हेगमध्येच असले तरी ती वेगळी संस्था आहे. दोघांची छायाचित्रे तरी अदलाबदल होऊ नयेत.

आपला,
आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक अभ्यासक