वहीतला राहिलेला रकाना

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

चकलीच्या धंद्याच्या वहीचे फोटो पाहिले. भाजणीतले धने-जिरेसुद्धा ग्रॅममध्ये लिहिलेस, पण तुझ्या मजुरीचा रकाना कुठेच नाही.

ऑगस्टचं पान घे. १२० किलो चकली, ४८० चा भाव, आले ५७,६००. डाळ-तांदूळ, तेल, मसाला २५,२००, गॅस आणि पॅकिंग ७,२००, गाळ्याचं भाडं ६,०००, सुमनताईंचे ८,०००, लाइट आणि पोचवणावळ २,०००. उरले ९,२००. त्याखाली तू 'नफा' लिहून दोन रेघा मारल्यास. तू २६ दिवस रोज नऊ तास कढईपाशी असतेस, म्हणजे २३४ तास. तासाला ३९ रुपये पडले. सुमनताई पाच तास येतात, त्यांना साडेएकसष्ट पडतात. त्यांचे बरोबर आहेत, चुकलाय तुझा भाव.

उद्या तुझा हात भाजला आणि कारागीर ठेवावी लागली, तर समज १५,००० ला मिळेल. तोच तुझा पगार धर. मग त्याच ऑगस्टात ५,८०० चा तोटा निघतो, किलोमागे ४८ रुपये. म्हणजे भाव ५३० हवा होता, आणि त्यातही नफा जेमतेम दोनशे.

दुकानाचा क्यूआर चालू खात्याला जोडून घे. दर ५ तारखेला पगार आपोआप बचत खात्यात जाईल अशी सूचना बँकेला दे. आत्ता पंधरा हजार झेपत नसतील तर आठच काढ, पण उरलेले सात 'मीनलला देणं' म्हणून मांड. गल्ल्यातून कधी भाजी, कधी रिचार्ज, हे बंद. घरी नेलेली दोन किलो चकलीही उचलच, म्हणजे मालकिणीने धंद्यातून स्वतःसाठी काढलेलं. लागत किमतीने लिही.

दिवाळीत खातं फुगलेलं दिसेल. त्यातले ऑर्डरींचे आगाऊ पैसे माल पोचेपर्यंत गिऱ्हाइकाचे. पगार नेहमी मंद महिन्यावर बेतायचा. दिवाळीत जास्तीचं उरेल त्यातून आधी तीन महिन्यांचं भाडं आणि सुमनताईंचा पगार, म्हणजे ४२,००० बाजूला टाक.

कराचं म्हणशील, तर धंदा तुझ्या एकटीच्या नावावर असल्यामुळे हा पगार खर्चात धरत नाहीत. सीए तो उचल म्हणून लावतील. कर सगळ्या नफ्यावर, पैसे काढ नाहीतर ठेव. त्यामुळे 'धंद्यात ठेवले की कर वाचतो' हे डोक्यातून काढ. मैत्रिणीशी भागीदारी केलीस तर गोष्ट वेगळी. काम करणाऱ्या भागीदाराचा पगार करारपत्रात लिहिलेला असेल तरच खर्चात धरतात. त्यालाही मर्यादा आहे: आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून पुस्तकी नफ्याच्या (भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या नफ्याच्या) पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के, यातलं जास्त ते, पुढच्या नफ्यावर ६० टक्के. सही करण्याआधी तो रकाना कोरा नाही ना, एवढं बघ.

दिवाळीची यादी छापायला देण्याआधी भाव ५५० कर. आणि महिनाअखेरीस कढईत उरलेलं तेल तू कुठेच वजा केलेलं दिसत नाही. ते मोजून कळव, मग किलोमागचा आकडा पुन्हा काढू.

तुझे
बाबा