धाकट्याचा मोबाईल काढून घेऊ नकोस

वडगाव, बेळगाव
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल तू फोनवर म्हणालास, धाकटा भाऊ पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत नापास झाला, रात्रभर मोबाईलवर असतो, सुट्टीला आला की मोबाईल काढूनच घेतो. मी नुसतं हं म्हणालो. पण मनातून ते जाईना, म्हणून लिहायला बसलो. काढून घेऊ नकोस गा. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी माझे विषय राहिले, एवढं गावात सगळ्यांना कळलं. त्याच्या आधीचं मी तुलासुद्धा सांगितलेलं नाही. आमच्या जांबोटीकडे पावसाळ्यात रेंजसाठी टेकडीवर जावं लागायचं, आणि इथे खोलीत पडल्यापडल्या सगळं मिळायचं. बिघडलो ते त्यामुळेच, असं मलाही कितीतरी दिवस वाटत होतं.

खरं वेगळंच होतं. तासाला इंग्रजी, मेसमध्ये कन्नड. शाळेत कन्नड विषय होता, वाचता यायचं. पण बैलहोंगल, गोकाककडची पोरं भराभर बोलायला लागली की मी जोंधळ्याची भाकरी मोडत ताटात बघत बसायचो. पोरं चांगली होती, मलाच तोंड उघडायची लाज वाटायची. तासाला कळलं नाही तरी कधी विचारलं नाही. खोलीवर आलं की दार लावायचं आणि मोबाईल. तिथे सगळं मराठीत, आणि तिथे कुणी मला काही विचारत नव्हतं. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा. सकाळी शेजारचे माग खडखडायला लागले की कळायचं, आज पण झोपलो नाही. मग तास बुडायचा. बुडला की पुढचा आणखी कळायचा नाही, आणि त्या धास्तीनं परत मोबाईल. आई फोन करायची तेव्हा "अभ्यास करतोय" म्हणायचो. हे लिहितानाही हात थांबतो.

एका पहाटे छाती इतकी धडधडायला लागली की वाटलं आता काही खरं नाही. तेव्हा १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली फोनसेवा. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. हा नंबर धाकट्याला दे. तू पण जवळ ठेव.

पुढे एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. त्यांनी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञांची, इंटरनेटच्या व्यसनाची वीस प्रश्नांची चाचणी दिली. प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त पाच गुण, एकूण शंभर. माझे अडुसष्ट आले. मी विचारलं, म्हणजे मला व्यसन लागलंय का? त्या म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार आहे, नुसत्या इंटरनेटचा असा वेगळा आजार नाही, तेव्हा स्वतःला शिक्का मारून घेऊ नका. मग कागदावर दोन रकाने आखून दिले: मोबाईल हातात घेतला ती वेळ, आणि त्याच्या आधी मनात काय चाललं होतं. दोन आठवडे मी लिहिलं. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द होता, भीती.

उदास माणूस मोबाईलमध्ये शिरतो आणि जागरणानं आणखी उदास होतो, असं दोन्हीकडून चालतं, हे त्यांनी समजावलं. आणि एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग केले होते. टोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं ठेवलं की दाणा बंद झाल्यावरही कबुतर कितीतरी वेळ टोचत राहतं. आपला अंगठा तसाच चालतो. यात धाकट्याचा आळशीपणा शोधू नकोस, आणि 'आमच्या वेळी' तर काढूच नकोस.

मी काय केलं विचारशील. खडेबाजारातून गजराचं घड्याळ आणलं, मोबाईल रात्री स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावायला लागलो. पहिले आठ दिवस फार वाईट गेले, चिडचिड व्हायची. पण खरा फरक पडला तो गोकाकच्या पोरानं. एक दिवस त्याला मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, मला काही कळत नाहीये. तो म्हणाला, मलाही नाही. तेव्हापासून आम्ही दोघं मेसमधून उठून वह्या घेऊन बसायला लागलो. परीक्षेच्या तोंडावर मी परत दोन रात्री मोबाईलवर काढल्या. तिसऱ्या दिवशी तोच दार वाजवत आला.

म्हणून म्हणतो, तू मोबाईल घेतलास तर त्याची लपायची एकुलती जागा जाईल, भीती तशीच राहील. आधी विचार, तासाला काय कळत नाही? जेवतोस कुणाबरोबर? लगेच उत्तर देणार नाही. तू गप्प बस, थांब.

सुट्टीला आला की त्याला इकडे घेऊन ये. येळ्ळूरला राजहंसगडावर जाऊ, सकाळी लवकर. मी त्याला माझे ते दोन रकान्यांचे कागद दाखवीन, अजून ठेवलेत. तू थोडा मागे राहा, आम्हाला पुढे चालू दे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जांबोटीचा दोस्त