विमानाची घसरगुंडी चुकून उघडते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग विमानतळावर उभ्या असलेल्या एका प्रवासी विमानाची आपत्कालीन घसरगुंडी (संकटात प्रवाशांना दारातून झटपट खाली उतरता यावे म्हणून असलेली, हवेने फुगणारी) केबिन कर्मचाऱ्याच्या हातून चुकून उघडली आणि प्रवाशांना काही काळ विमानातच अडकून राहावे लागले. अशी बातमी आली की समाजमाध्यमांवर दोन सूर हमखास उमटतात. एक थट्टेचा आणि दुसरा, संबंधिताला तत्काळ घरी पाठवा, असा. माझी पुतणी याच व्यवसायात आहे, आणि मराठवाड्यातील अनेक मुले-मुली आता प्रशिक्षण घेऊन या नोकरीत जात आहेत. म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

ज्या विमानाच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून ६ फुटांहून उंच असतो, त्याला अशी घसरगुंडी असावीच लागते. ती दाराच्या खालच्या भागात घडी घालून ठेवलेली असते. विमान निघण्यापूर्वी दारे ‘आर्म’ करण्याची, म्हणजे दार उघडताच घसरगुंडी आपोआप फुगेल अशी सज्ज ठेवण्याची, सूचना मिळते. बोईंग ७३७ मध्ये घसरगुंडीला जोडलेला दांडा कर्मचाऱ्याला वाकून जमिनीवरच्या खाचांमध्ये हाताने अडकवावा लागतो, तर एअरबस ए-३२० मध्ये हेच काम दारावरच्या एका खटक्याने होते. त्यानंतर समोरच्या दाराचा सहकारी ते तपासतो. या अवस्थेत दार आतून उघडले की घडी बाहेर पडते, नळकांड्यातील दाबाखालचा वायू सुटतो, तो बाहेरची हवाही आत ओढून घेतो आणि घसरगुंडी फुगते. नियमानुसार याला ६ सेकंदांहून अधिक वेळ लागता कामा नये. एकदा सुरू झालेली ही क्रिया कोणालाही थांबवता येत नाही.

‘खरोखर उघडायचे आहे का’ असे विचारणारा आणखी एखादा टप्पा त्यात का ठेवत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण असे की, निम्मीच दारे वापरून भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, या अटीवर विमानाला मान्यता मिळते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील ५ जण दगावले, मात्र प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण बाहेर पडले, आणि तेही केवळ ३ दारांच्या घसरगुंड्यांवरून. धुराने भरलेल्या केबिनमध्ये जी गोष्ट एका झटक्यात उघडायला हवी, ती शांत विमानतळावरही एका झटक्यातच उघडणार. चुकून उघडण्याची शक्यता या रचनेतच आहे, आणि ती आपण प्रवाशांनी जाणीवपूर्वक मान्य केली पाहिजे.

चूक घडते ती बहुधा क्रम मोडल्यावर. दार बंद झाले, आर्म झाले आणि तेवढ्यात कोणी विसरलेला कागद घेऊन आले म्हणून दार पुन्हा उघडायचे ठरले. किंवा विमान उतरून थांबते न थांबते तोच प्रवासी उठले, वरच्या कप्प्यातून बॅगा निघू लागल्या, इंटरफोन वाजला आणि बाहेरून दारावर टकटक झाली. दिवसभरात अनेकदा तीच कृती करणारा हात अशा वेळी मनाच्या पुढे धावतो. ए-३२० मध्ये घसरगुंडी आर्म असताना हँडल किंचित उचलले तर इशाऱ्याचा दिवा लागतो. पण हँडल एका दमात वर गेले तर तो पाहायला उसंत राहत नाही.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. दाराबाहेर उभा असलेला विमानतळ कर्मचारी गंभीर जखमी होऊ शकतो. शिवाय उघडलेली घसरगुंडी तशीच घडी घालून परत ठेवता येत नाही, ती कार्यशाळेत पाठवावी लागते. बदली संच जवळ नसेल, तर विमान थांबते किंवा ते दार वापरातून वगळून कमी प्रवासी घेऊन निघते. तेव्हा चौकशी व्हावी, आणि ती काटेकोर व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही.

मात्र चौकशी कशाची व्हावी, हे आपल्या शहराला तरी सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकाजवळच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले आणि ११८ पैकी ५५ जणांचा जीव गेला. त्या चौकशीत वैमानिकांची चूक नोंदवली गेली. पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती, हेही कारण म्हणून तितक्याच स्पष्टपणे लिहिले गेले. घसरगुंडीच्या घटनेतही कर्मचाऱ्याच्या नावापाशी न थांबता त्या दिवसाचे कामाचे तास किती झाले होते, त्या क्षणी त्याला कोणी हाक मारली, दोन उड्डाणांमध्ये विमान थांबण्याचा वेळ कमी करण्याचा दबाव किती होता, हे तपासले गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. उघडलेली घसरगुंडी लपवता येत नाही. लपतो तो प्रसंग, ज्यात हँडलवरचा हात ऐनवेळी थांबला. असे प्रसंग कळले तरच दोष नेमका कुठे आहे ते समजते, आणि नोकरी जाण्याची भीती असेल तर ते कोणीही कळवणार नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे स्वेच्छेने माहिती कळवण्याची सोय आहे; तिच्या आधारे अशा प्रसंगांचा गोषवारा, नावे वगळून, दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

विमान कंपन्यांनी दोन साधे नियम कसोशीने पाळावेत. जपानच्या रेल्वेत कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तसेच दाराचा खटका बोटाने दाखवून, मोठ्याने बोलूनच हँडलला हात लावावा. आणि सर्व दारे ‘डिसआर्म’ झाल्याचे, म्हणजे घसरगुंड्या निष्क्रिय केल्याचे, कळेपर्यंत दारावरच्या कर्मचाऱ्याला अन्य कोणत्याही कामासाठी कोणीही बोलावू नये.

प्रवाशांपुरते सांगायचे तर, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला उतरणाऱ्या विमानांत हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही एक उद्घोषणा व्हावी. दारांवरच्या घसरगुंड्या अजून सज्ज आहेत, त्या निष्क्रिय होईपर्यंत कृपया जागेवरून उठू नये, असे तीत कारणासह सांगितलेले असावे. नुसते ‘बसून राहा’ म्हटले तर लोक उठतात. कारण कळले तर बहुतेक जण थांबतील, असा मला विश्वास आहे. दोन्ही विमानतळांच्या प्रशासनाने विमान कंपन्यांकडे ही मागणी करावी, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर