पाककृतीत कपाबरोबर ग्रॅमही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतल्या पाककृती मी नेहमी वाचते आणि करूनही बघते, पण एक विनंती आहे, प्लीज सुक्या जिन्नसांचं माप ग्रॅममध्ये पण देत जा. नुसतं "२ कप मैदा" लिहिलं की कोणता कप, कसा भरलेला, काहीच कळत नाही. अमेरिकेतला कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २०० मिली, आणि नेटवर रेसिप्या तर सगळीकडून येतात!

यावर बरेच जण म्हणतात की सगळं एकाच कपाने मोजलं की झालं, प्रमाण तेच राहतं. अर्धंच खरं आहे हे. अंडी आपण नगावर घेतो, बेकिंग पावडर चमच्याने घेतो, मग कप लहानमोठा झाला की त्यांचं प्रमाण बिघडणारच ना.

आणि मैद्याचं तर विचारूच नका. चमच्याने हलक्या हाताने कप भरून वरून सुरीने सपाट केला तर २४० मिलीच्या कपात १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो, पण तोच कप डब्यात खुपसून भरला की १४०-१५० ग्रॅम सहज होतो, कारण मैदा दाबला जातो आणि मधली हवा निघून जाते. म्हणजे ३ कप मैद्याच्या केकमध्ये ४५ ते ९० ग्रॅमचा फरक पडू शकतो, मग केक कोरडा झाला की लोक ओव्हनला दोष देतात.

दुसरी चूक म्हणजे कपाचे ग्रॅम करायला सगळ्या जिन्नसांना एकच आकडा लावणं. १ मिली म्हणजे १ ग्रॅम हे पाण्याचं गणित आहे, दुधाला जवळपास चालतं, पण २४० मिलीच्या कपात तेल भरतं साधारण २२० ग्रॅम, साखर २००, पिठीसाखर १२० च्या आसपास आणि मध चक्क ३४० ग्रॅम. त्यामुळे जो ऑनलाइन कन्व्हर्टर जिन्नस कोणता हे विचारतच नाही त्याच्यावर अजिबात विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मिठाचंही तसंच, बारीक मीठ चमच्यात जास्त बसतं आणि जाड खड्यांचं कमी, म्हणून तिथे कोणतं मीठ ते तरी लिहा.

सगळंच वजनावर द्या असं मी म्हणत नाही हं. घरातले बरेच वजनकाटे १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात, त्यावर अर्धा चमचा सोडा नीट मोजला जात नाही, तिथे ५ मिलीचा सपाट चमचाच बरा. मोठा चमचा म्हटलं तर मात्र मिली लिहा, कारण बहुतेक ठिकाणी तो १५ मिलीचा असतो आणि ऑस्ट्रेलियात २० चा.

ज्यांच्याकडे वजनकाटा नाही त्यांच्यासाठी कप राहू देच, फक्त शेजारी कंसात ग्रॅम आणि पाककृतीच्या वर एका ओळीत कप किती मिलीचा धरलाय ते छापा. पाककृती पाठवणाऱ्यांनाच हे आधी लिहून मागितलं तर तुमचंही काम वाढणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक