फार्गो लॉरीची शॅकल हवी आहेत: घरात, गॅरेजात, भंगारात जरा बघा

मंडळी, वाचनालयामागच्या मांगरातली फार्गो लॉरी पुन्हा रस्त्यावर आणायचं काम दिवाळीनंतर आपण हाती घेतलं. देवगडचा आंबा घेऊन फोंडाघाट चढणारी आणि कोल्हापूरहून गूळ भरून उतरणारी हीच ती गाडी. इंजिन सुरू झालं (पहिल्या धुराला शेजारच्या कोंबड्या सगळ्या गडग्यावर!), हौद्याचं लाकूडकाम गावच्या सुतारांनी केलं. घोडं अडलंय पुढच्या कमानींपाशी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांपाशी.

कमानीचं एक टोक चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) पिनने पक्कं असतं, दुसरं शॅकलवर, म्हणजे कमान चेसिसला जोडणाऱ्या हलत्या लोखंडी दुव्यावर, झुलतं. वजन आलं की पाटे सपाट होऊन लांबतात, तेव्हा सरकायला जागा शॅकल देतं. आमच्या गाडीची दोन्ही शॅकल गायब आहेत. डावीकडे कुणीतरी फणसाच्या लाकडाचा ठोकळा घालून वरून सुंभ आवळलाय. उजवीकडे भलत्याच गाडीचं शॅकल कापून, वेल्डिंग मारून ठोकलंय. म्हणजे माप घ्यावं असं मूळचं काहीच नाही. डाव्या हँगरच्या (शॅकल ज्याला टांगतात त्या लोखंडी आधाराच्या) जागी चेसिसवर रिबिटांची चार भोकं तेवढी उरलीत, तीही गंजून लांबोडी झालेली.

पाटे कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून मिळतील. शॅकलही घडवून मिळेल, पण नमुना पाहिजे. दोन बाजूंत अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी गाडी एका अंगाला कलते, आणि हँगर मागेपुढे बसला तर शॅकलचा कोन बिघडून कमान नीट झुलत नाही. अंदाजपंचे काम करायची आमची तयारी नाही.

फक्त फार्गोच शोधू नका. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तिन्ही नावांचे ट्रक तयार होत. पुढची नावाची पट्टी वेगळी, आतला सांगाडा बराचसा तोच. त्यामुळे जुन्या डॉजचा भागही चालण्यासारखा आहे.

कुर्ल्याला नोकरी केलेले चाकरमानी आपल्याकडे घरोघरी होते. आजोबांच्या ट्रंकेत पार्ट्सचं पुस्तक, एखादा नकाशा असेल तर रद्दीत घालण्याआधी आम्हाला दाखवा. जुन्या ड्रायव्हर-क्लीनरांना विचारा. गॅरेजामागे माडाच्या बुंध्याशी पडलेली लोखंडं उलटवून बघा. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, नाहीतर त्याचा उपयोग नाही.

पैसे आत्ता देऊ नका. नमुना हाती आला की घडाईचा खर्च विचारून वर्गणी काढू, हिशोब फळ्यावर लागेल.

वाचनालय संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं, सोमवारी बंद. भाग जड असेल तर निरोप धाडा, आम्ही टेम्पो घेऊन येऊ. मापापुरता दिलेला भाग आठ दिवसांत, ग्रीस लावून, घरपोच परत मिळेल.